पटावरची चूक आणि रक्तातली साखर

दिवाळी सरली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण येतात. एकांची साखर फराळाने वाढलेली असते. दुसऱ्यांची साखर वाढेल या भीतीने जेवणखाण सोडल्यामुळे एकदम उतरलेली असते. पहिल्यांची सगळे काळजी करतात, दुसऱ्यांकडे कोणाचे लक्ष नसते. हा दुसरा प्रकार दवाखान्यात मी अनेकदा पाहिला होता. २०२४ च्या दिवाळीत मात्र तो माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरच्या माणसाला झाला आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे मला तो ओळखता आला नाही. वाचकांनी माझ्या चुकीतून शिकावे म्हणून ती हकिगत आज सांगतो.

त्या वर्षी पाडवा शनिवारी, २ नोव्हेंबरला आला आणि भाऊबीज रविवारी. जोडून सुटी मिळाली. पाडव्याला बारामतीत बाहेरगावच्या गाड्यांची गर्दी असते, त्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. आम्ही चार मित्रांनी ठरवले की राजकारण बाहेर ठेवायचे आणि दुपारपासून कॅरम मांडायचा. शाळेपासूनचे आम्ही सोबती. एक निवृत्त शिक्षक, एकाचे कापडाचे दुकान, एक बागायतदार आणि मी. बोरिक पावडर टाकून बोर्ड गुळगुळीत केला आणि बसलो ते रात्री नऊपर्यंत.

आमच्यातल्या शिक्षक मित्राला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे. दर दोन तासांनी त्याच्या घरून फोन येई, "काही खाल्लंत का?" तो डाव अर्धा टाकून उठे, डब्यातली अर्धी भाकरी खाई, अंगणात दोन फेऱ्या मारी आणि मग परत येई. एकदा राणी त्याने घेतलेली, कव्हर बाकी, आणि हा गृहस्थ भाकरी खायला उठला! आम्ही त्याची मनसोक्त थट्टा केली. मीही केली. दुसऱ्या दिवशी त्याची आठवण कशी होणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही इंदापूरला आक्काकडे निघालो. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, कारखान्यांचे गाळप अजून सुरू व्हायचे होते. आक्काच्या घरी भाऊबिजेला आम्ही सारे भाऊ, भाचरे, सुना, नातवंडे मिळून वीस-बावीस माणसे जमतो. जेवणाआधी सारीपाट मांडायचा हा तिथला रिवाज. दाजींच्या आईच्या वेळचा कापडी पट आहे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या आहेत आणि घासून गुळगुळीत झालेल्या कवड्या आहेत.

दाजींचे वय ६८. हिशेबाला पक्के. कवड्या जमिनीवर पडल्या की उताण्या किती, पालथ्या किती हे ते नजरेनेच टिपतात आणि कोणती सोंगटी किती घरे गेली तर कोणाला मारील हे बोट न लावता सांगतात. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. त्या दिवशी त्यांनी सकाळी आठला गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा. फराळाचे ताट पुढे आले तेव्हा म्हणाले, "चार दिवस लाडू-करंज्या झाल्या, आज बंद." आम्ही सगळ्यांनी त्यांच्या संयमाचे कौतुक केले. जेवण दुपारी बाराला व्हायचे होते. पण धाकटा भाऊ सोलापूरहून एसटीने येत होता, त्याच्यासाठी थांबलो. एक वाजला, दीड वाजला. आणि पट रंगात आला होता.

पहिली चूक झाली तेव्हा सगळे हसले. दोनच कवड्या उताण्या पडल्या होत्या आणि दाजींनी "पंचवीस" म्हणून सोंगटी उचलली. भाच्याने अडवले. ते चिडले. पुढच्या दानाला त्यांनी दुसऱ्याचीच सोंगटी चालवली. मुले ओरडली, "रडीचा डाव खडी!" मी हसत म्हटले, "दाजी, दान दोनाचं आहे." त्यावर माझ्याकडे न बघताच ते तोडून बोलले, "पाव्हणं, तुम्ही दवाखान्यात डॉक्टर, पटावर न्हाई." दाजी मला असे कधी बोललेले नाहीत. मला थोडे लागले, पण सणाचा दिवस म्हणून गप्प बसलो. आक्का आतून म्हणाली, "भूक लागली असेल त्यांना, म्हणून चिडलेत." रोगाचे निदान तिने केले होते. ऐकणारा डॉक्टर मात्र डाव बघत होता.

तेवढ्यात सोलापूरची गाडी आल्याचा फोन आला. दाजी मोटारसायकलची किल्ली घेऊन उठले. भावाला स्टँडवरून आणायला निघाले होते. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. शेजारी बसलेली आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबांचा सदरा ओला झालाय." नोव्हेंबरातली दुपार, डोक्यावर पंखा, आणि सदरा पाठीला चिकटलेला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाताला हात लावला तर गार आणि थरथरणारा. किल्ली काढून घेतली, त्यांना खाली बसवले आणि घरातल्याच यंत्रावर साखर तपासली. आकडा आला ४६.

ज्या तालुक्यात साखर कारखाने आहेत तिथे, दिवाळीच्या दिवशी, लाडवांनी भरलेल्या घरात आमच्या दाजींच्या रक्तात साखर कमी पडली होती. दहा मिनिटे उशीर झाला असता तर ते मोटारसायकलवर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या रहदारीत असते.

आता यामागचे शास्त्र पाहू. मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज. मेंदूला त्याचा मोठा साठा करता येत नाही, रक्तातून सतत पुरवठा लागतो. रक्तातली साखर १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर धोक्याची घंटा वाजवते. घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते, पोटात आग पडल्यासारखी भूक लागते. आणखी उतरली की मेंदूच उपाशी पडतो. मग हिशेब चुकतो, बोलणे अडखळते, माणूस विनाकारण चिडतो, कधी झोपाळतो. त्याहून खाली गेल्यास झटका येतो, शुद्ध हरपते. वयस्कर माणसांत पुष्कळदा घाबरणे-धडधडणे फारसे दिसत नाही, एकदम स्वभावातला बदलच दिसतो. लोक समजतात म्हातारा हट्टी झाला, किंवा दारू प्यायला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व कंप झाकले जातात, पण घाम येतोच. म्हणून मधुमेह्याचा अवेळी आलेला गार घाम कधीही दुर्लक्षित करू नये.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवा वा न जेवा, गोळी आपले काम करत राहते. इन्शुलिनच्या सुईचेही तेच. गोळी घेतली आणि जेवण लांबले, की संकट ओढवलेच म्हणून समजावे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका बराच कमी असतो. म्हणून आपली गोळी कोणत्या जातीची, हे प्रत्येकाने डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दाजींना मी काय दिले? तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून पाजली. साधारण १५ ग्रॅम. कोणीतरी बेसनाचा लाडू पुढे केला होता, तो परत पाठवला. तुपामुळे लाडवातली साखर रक्तात उशिरा उतरते. बिनसाखरेच्या गोडीच्या गोळ्यांचा चहा तर काहीच उपयोगाचा नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ६३. पुन्हा तेवढीच साखर दिली. आणखी पंधरा मिनिटांनी ८८. मग लगेच वरण-भात आणि पोळी. जेवताना दाजींनी विचारले, "डाव कुणी जिंकला?" मधल्या अर्ध्या तासातले त्यांना फारसे आठवत नव्हते. मला काय बोलले तेही नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी औषधाच्या दुकानातली ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. आणि माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला तरी १०८ लाच फोन करावा. तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे वेळ फार मोलाची असते.

या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा चढलेली साखर पुन्हा उतरू शकते. मी ती रात्र इंदापूरलाच काढली. रात्री अकराला आकडा पुन्हा ७१ वर आला होता, दूध-भाकरी द्यावी लागली. घरात डॉक्टर नसेल तर अशा रुग्णाला बरे वाटले तरी दवाखान्यात नेऊन देखरेखीखाली ठेवणेच योग्य. सोमवारी रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनीन वाढलेले निघाले. मूत्रपिंडाचे काम मंदावले होते, त्यामुळे औषध शरीरात जास्त काळ रेंगाळत होते. ही तपासणी तीन वर्षांत झालीच नव्हती. दर भाऊबिजेला मी त्यांच्याकडे जेवतो, पण "शेवटची तपासणी कधी केलीत?" हे मीही कधी विचारले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनी आता गोळी बदलली आहे.

हे वाचून कोणी सारीपाट गुंडाळून ठेवू नये. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांवरील ४६९ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. स्मृती आधीच मंदावू लागलेली माणसे खेळ सोडतात म्हणूनही थोडा फरक दिसत असेल, तेव्हा खेळाला औषध म्हणता येणार नाही. पण चार माणसांत बसून डोके चालवण्यात तोटा काहीच नाही. शिवाय रोज एकत्र बसणाऱ्यांना एकमेकांचा स्वभाव माहीत असतो. पक्का हिशेबी माणूस एकाएकी चुकू लागला तर ते प्रथम सोबत्यांनाच कळते.

तेव्हा सणासुदीला एवढे करा. गोळी किंवा इन्शुलिन जेवणाची वेळ नक्की झाल्यावरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने घ्या. पाहुणे उशिरा येणार असतील तर मधुमेह्याला आधी वाढा, त्यात मानापमान नाही. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकेक डाव संपला की सगळ्यांनीच उठून पाय मोकळे करा. आणि मधुमेही माणूस विचित्र वागला, तर भांडण्याआधी त्याची साखर पाहा. यंत्र नसेल तर, तो शुद्धीवर असेपर्यंत, साखर देऊन टाका. थोडी जास्त झाली तर पुढे निस्तरता येते.

दाजींनी आता कवड्यांच्या पिशवीतच ग्लुकोजची पुडी ठेवली आहे. आणि मी शिक्षक मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू दे, ती राणी मला परत दे."