कोपीतून घरात : बिऱ्हाड रुजायचे कसे?



दिवाळी आटोपली की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे आणि कोयते वर चढतात आणि घराला कुलूप लागते. मग ऊस तुटेल तिथे पडाव, आणि पडावावर पाचट नि कापडाची कोपी. मध्ये होळीची धावती भेट. घरी येणे होते ते उन्हाळ्यात, पट्टा पडल्यावर.

काकरापारचे आणि उकाईचे कालवे वाहू लागले तसा दक्षिण गुजरातेत ऊस वाढला. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. बारडोली, मढी, चलथाण, गणदेवी या साखर कारखान्यांची नावे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असतात, कारण त्याचे बालपण त्याच शिवारांत जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथे माणसांची मोजदाद.

आता काही कुटुंबांना घरकुल मिळाले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीचे पट्टे काहींच्या हाती आले आहेत. "यंदा जायचे नाही, घरीच राहायचे" असे ज्यांच्या मनात आले आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली दिवाळी घरात झाली आणि दुसऱ्या दिवाळीला दाराला पुन्हा कुलूप, अशी घरे मी पाहिली आहेत. भिंती पक्क्या होत्या, छप्पर गळत नव्हते. कमी पडले ते कणगीतले धान्य आणि गोठ्यातला चारा. तेव्हा घरात राहायला जाण्याची तयारी घरापासून नव्हे, कणगीपासून करावी.

उचल कुठल्या महिन्यात लागते?

मुकादमाची उचल ऊस तोडताना लागत नाही. ती लागते आषाढ-श्रावणात, घरातले दाणे संपल्यावर. तेव्हा घेतलेले पैसे पुढचे सहा महिने बांधून टाकतात. म्हणून हिशेब त्या दिवसांचा करा. पाच माणसांच्या घराला रोजचे अडीच किलो धान्य धरले, तर आषाढ ते आश्विन या चार महिन्यांना तीन क्विंटल लागते. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिना ५ किलो मिळते, म्हणजे चार महिन्यांत एक क्विंटल. उरलेली दोन क्विंटल ज्वारी किंवा मका आपल्या कणगीत हवी. ती पुरती असल्याशिवाय दाणाही विकू नका. धान्य दाताखाली कट्‌कन फुटेल इतके वाळवा, कणगी शेणाने सारवून कोरडी करा आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

मागली उचल अंगावर असेल तर एकदम थांबणे जड जाते. घरातून दोन कोयते जात असतील तर पहिल्या वर्षी एकच जावा, एक राहावा. जुनी बाकी फेडताना चार माणसांसमोर हिशेब मिटवून तसे लिहून घ्यावे.

आपण नसतो तेव्हाच पिकते

जरा महिने मोजून पाहा. ज्वारीत लावलेली तूर तयार होते मार्गशीर्ष-पौषात. तेव्हा आपण पडावावर, आणि तूर गुराढोरांच्या नाही तर वाटसरूंच्या स्वाधीन. मोह गळतो फाल्गुन-चैत्रात, आमचूर होते कैऱ्यांच्या दिवसांत. ही सगळी कमाई घराला कुलूप असतानाची आहे. घर टिकवणार आहे ती हीच.

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा तूर घाईने ओली झोडपू नका, शेंगा नीट वाळू द्या. खरिपानंतर ओल धरणारा तुकडा असेल तर आश्विनात हरभरा पेरा. विजयसारखे वाण एकरी २६ ते २८ किलो बियाण्यात होते आणि सुमारे साडेतीन महिन्यांत घरात येते.

मोहाखालचा पाचोळा जाळू नका. झाडून घ्या, जुनी साडी किंवा जाळी अंथरा. फूल स्वच्छ राहते आणि रोपेही वाचतात. आमचुराला भाव मिळतो तो रंगावर. कैरी लोखंडी सुरीने कापली तर फोड काळी पडते, म्हणून स्टीलची सुरी वापरा आणि फोडी मातीवर न टाकता कापडावर वाळवा.

बैलांचे काय?

ऊसतोडीत बैल नेले तर त्यांना वाढे मिळते. घरी राहिलात की तो चारा बंद. एका बैलाला रोज सहा किलो कोरडा चारा धरला, तर फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत जोडीला जवळजवळ दीड टन लागतो. कडबा बांधावर कुजू न देता गंज रचा आणि कुट्टी करून घाला. नासाडी कमी होते. चाऱ्याची सोय झाली नाही म्हणून वैशाखात बैल विकला, तर पेरणीला पुन्हा उचल आलीच.

पक्क्या घराच्या सवयी

कोपीतला धूर फटींतून निघून जातो. पक्क्या घरात तो कोंडतो आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांत, छातीत उतरतो. चूल पडवीत घ्या, नाही तर तिच्यावर धुराडे बसवा. पडाव दर काही दिवसांनी हलतो, म्हणून सांडपाणी मागे राहते. घर हलत नाही. तेव्हा मोरीचे पाणी परसात वळवा आणि त्यावर शेवगा, पपई, वाल, दुधी लावा. शेळ्या निजायच्या खोलीत बांधू नका, बाहेर आडोसा करा.

मुलांची नावे लगेच शाळेत घाला. मधली दोन वर्षे बुडाली असली तरी वयानुसार वर्गात बसवण्याची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. मुलगा बुजेल, मागे पडेल; गुरुजींना तसे सांगून ठेवा. रिकाम्या महिन्यांत रोजगार हमीचे काम हवे असेल तर ग्रामपंचायतीत मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

पैसा तुकड्यांनी येतो

पडावावर हिशेब शेवटी होतो आणि रक्कम एकदम दिसते. घरी तसे नाही. पौषात तुरीचे, चैत्रात मोहाचे, वैशाखात आमचुराचे, असे थोडे थोडे पैसे येतात आणि आले तसे जातात. मग वाटते, घरी राहून काही मिळालेच नाही. म्हणून प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहा, आणि त्यातला भाग बचत गटात किंवा पोस्टात घरातल्या बाईच्या नावाने ठेवा. तोच भाग आषाढात उचलीच्या जागी कामाला येईल.

पोळ्याच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. दाणे किती, चारा किती, देणे किती, हे तीन आकडे मांडावेत. आकडे जुळत असतील तर मुकादमाला निरोप द्या. जुळत नसतील तर यंदाच्या वर्षात कुठला एक आकडा सुधारायचा ते ठरवा आणि आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवा. चार पावसाळे उचलीशिवाय काढलेल्या घराला पुन्हा कुलूप लागण्याचे कारण उरत नाही.