आठ पायांची चिप

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखा घुर्र करतो आणि थोड्या वेळाने पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं नाव उमटतं. त्या मधल्या वेळात विंडोज नसतं, लिनक्सही नसतं. चालत असतो तो बायॉस, मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपमधला प्रोग्रॅम. मशीन मी पैसे मोजून घेतलेलं, पण रोज उठल्यावर ते पहिल्यांदा काय करतं, हे मला वाचता येत नाही. ही गोष्ट मला बरीच वर्षं सलत होती.

त्यावरचा उपाय म्हणजे कोअरबूट, बायॉसच्या जागी बसणारा आणि कोणालाही वाचता येणारा प्रोग्रॅम. १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी तो ‘लिनक्सबायॉस’ या नावाने सुरू केला. त्यांना शेकडो मशीन एकत्र जोडून चालवायची होती. पण समोर कोणीतरी कीबोर्ड घेऊन बसलं आहे, असं प्रत्येक मशीनचा बायॉस गृहीत धरायचा. २००८ मध्ये नाव बदलून कोअरबूट झालं. आज क्रोमबुक वापरणाऱ्यांच्या हातात हेच असतं, बहुतेकांना ठाऊकही नसतं.

मी निवडला तो बोर्ड आसुसचा पी८एच६१-एम एलएक्स. जुना आहे, पण त्यातली ४ एमबीची बायॉस चिप डाग देऊन पक्की केलेली नाही, आठ पायांवर सॉकेटमध्ये बसवलेली आहे. हा फरक मोठा आहे. चिप हाताने काढता येते, म्हणजे चुकलं तरी बोर्ड मरत नाही.

दुसरं कारण रॅमचं. वीज आली त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या प्रत्येक रेषेवरून सिग्नल यायला किती वेळ लागतो, ते मोजून वेळा जुळवाव्या लागतात. हे जुळवणारा प्रोग्रॅम मात्र चालायला जागा मागतो, आणि जागा तर अजून तयार व्हायची आहे! म्हणून प्रोसेसरच्या आतली कॅशच तेवढ्यापुरती रॅम म्हणून वापरतात. त्याआधीच्या काळात तर कोअरबूटवाल्यांनी असा कंपायलर लिहिला होता, जो सी भाषेतला कोड फक्त प्रोसेसरच्या रजिस्टरांवर भागवायचा. मला यात खरी कारागिरी दिसते. इंटेलच्या या पिढीसाठी रॅम जुळवण्याचा कोड स्वयंसेवकांनी स्वतः लिहिला, तो ओळीओळीने वाचता येतो. नव्या बोर्डांवर हे काम इंटेलची बंद, म्हणजे वाचता न येणारी फाइल करते. पोलंडची थ्रीएमडेब कंपनी एमएसआयच्या झेड६९०-ए बोर्डावर कोअरबूट देते, तिथेही ही फाइल लागतेच.

माझ्या बोर्डावरही सगळं मोकळं झालं, असं म्हणणार नाही. चिपचे पहिले ४ केबी म्हणजे कोणता भाग कुठे आहे याचा नकाशा. शिवाय इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा बंद प्रोग्रॅम आहेच. तो अजिबात काढला तर मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. एमई-क्लीनर नावाच्या साधनाने त्याला छाटून १०० केबीच्या आत आणता येतं, त्यापलीकडे नाही.

चिप काढताना घाई नको. आधी बोर्डाचा फोटो घ्यावा, चिपच्या टोकाची खाच कोणत्या बाजूला आहे ते त्यात दिसलं पाहिजे. उलटी बसली तर चिप जळते. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हर एका टोकाखाली सरकवून किंचित उचलायचं, नंतर दुसऱ्या टोकाखाली. मी पहिल्यांदा एकाच बाजूने उचकटली आणि दोन पाय वाकले. चिमट्याने सरळ करताना श्वास रोखून धरला होता. चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण, म्हणजे प्रोग्रामर, तोही तपासून घ्यावा. काही स्वस्त प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या चिपच्या सिग्नल तारांवर ५ व्होल्ट सोडतात, तेव्हा मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय चिप बसवू नये.

मग फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने जुना बायॉस वाचायचा. एकदा नाही, दोनदा. दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच पुढे जायचं. एका बिटाचाही फरक दिसला, तर चिपचे पाय पुन्हा नीट बसवून पहिल्यापासून वाचायचं. कोअरबूट बांधायला लागणारी कंपायलरची साधनंच आधी स्वतः बांधावी लागतात, त्यात बराच वेळ जातो. मेनूत बोर्ड निवडला, पुढचं बूट सांभाळायला सीबायॉस निवडला, तयार झालेला भाग जुन्या बायॉसच्या फाइलमध्ये त्याच्या जागी बसवला, म्हणजे नकाशा आणि मॅनेजमेंट इंजिन तसेच राहिले, आणि ती फाइल एका कोऱ्या चिपवर लिहिली. मूळ चिपला हात लावला नाही.

पहिल्या वेळी बटण दाबलं तेव्हा पडदा काळाच राहिला. रॅमची जुळवाजुळव पहिल्यांदा वेळ घेते, उत्तर चिपमध्येच साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तेच वापरते, हे वाचलेलं होतं. तरी हात पॉवरच्या वायरकडे गेलाच. तेवढ्यात डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत सीबायॉसची ओळ आली, पाठोपाठ हार्ड डिस्कचं नाव. कंपनीचं चिन्ह नाही, रंग नाहीत.

मूळ चिप आता होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत आहे. वर चिकटपट्टीवर बोर्डाचं नाव आणि काढल्याची तारीख लिहून ठेवली आहे.