हाक बंद, मग वाट मोकळी : नेटवर्क ड्रायव्हरची आवराआवर

पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, हे कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पुढे बोरघाट आहे, 37 मीटरला 1 मीटर असा चढ. ही 'बँकर' इंजिने लोणावळ्याला सोडतात आणि ती पुढच्या गाडीसाठी खाली येतात. समजा, ती वरच अडकली तर? वर गेलेल्या गाडीचे काहीच बिघडत नाही. खोळंबते ती कर्जतला उभी असलेली दुसरीच गाडी. संगणकातही नेमके असेच होऊ शकते. लिनक्स प्रणालीतील नेटवर्क कार्डाच्या उदाहरणाने ते पाहू.

जाळ्यातून माहितीची पाकिटे केव्हा येतील याचा नेम नसतो. प्रोसेसरने सारखे 'काही आले का?' असे विचारत बसणे परवडत नाही, म्हणून कार्डच हाक देते. ही हाक म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसर हातातले काम तिथेच ठेवतो, कार्ड सांभाळणाऱ्या ड्रायव्हर या आज्ञावलीतील ठरलेले फंक्शन चालवतो आणि मागच्या कामाकडे परततो.

जुन्या पीसीत अशा हाकांसाठी 16 रेषा होत्या. त्यातली एक, दोन नियंत्रक चिप एकमेकींना जोडण्यातच जाई. उरलेल्या 15 मध्ये घड्याळ, कळफलक, डिस्क असे हक्काचे वाटेकरी. पीसीआय पद्धतीत एकच रेषा अनेक उपकरणांनी वाटून घेण्याची सोय झाली. पुढे तारेऐवजी संदेश लिहून हाक देण्याची एमएसआय पद्धत आली आणि टंचाई बरीचशी सरली. घेतलेले परत करण्याची जबाबदारी मात्र तशीच राहिली.

लिनक्समध्ये ड्रायव्हर 'रिक्वेस्ट-आयआरक्यू' या फंक्शनने रेषा मागतो. तेव्हा तो हाक आल्यावर काय चालवायचे ते सांगतो आणि स्वतःची एक ओळखखूण देतो. सामायिक रेषेवर हाक आली की त्या रेषेवरच्या सर्व ड्रायव्हरांना विचारले जाते. प्रत्येकाने आपल्या कार्डाचे रजिस्टर तपासून 'माझी' किंवा 'माझी नव्हे' असे उत्तर द्यायचे असते. 'फ्री-आयआरक्यू' या फंक्शनने रेषा सोडताना तीच ओळखखूण द्यावी लागते. नाहीतर एका खोलीतल्या चार भाडेकरूंपैकी कोण निघाला ते कळणार कसे?

आता कार्ड बंद करायचे आहे. ड्रायव्हरकडे दोन गोष्टी आहेत : रेषा आणि पाकिटे ठेवायची मेमरी. आधी मेमरी सोडून दिली तर काय होईल? कार्ड अजून जागे आहे. ते हाक देईल आणि फंक्शन आता दुसऱ्याची झालेली मेमरी आपली समजून वापरेल. शिवाय कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहीत असते, तेही चालूच राहील. ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालत असल्याने अख्खा संगणक कोसळू शकतो. कोसळला तर बरे म्हणायचे, कारण चूक निदान दिसते. न कोसळता कोणाच्या तरी गुणपत्रिकेतले आकडे बदलले तर ते अधिक वाईट.

खालापूर तालुक्यातील खोपोलीला 1915 पासून टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी तिथे नळांतून उतरते. अशा ठिकाणी टर्बाइन उघडायचे तर आधी पाणी तोडावे लागते. इथेही तसेच. आधी कर्नलला नवी पाकिटे देऊ नकोस असे सांगायचे, मग कार्डाला गप्प करायचे, मग रेषा सोडायची आणि शेवटी मेमरी. 'फ्री-आयआरक्यू' लगेच परतत नाही. दुसऱ्या प्रोसेसरवर ड्रायव्हरचे फंक्शन चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबते. म्हणूनच त्या फंक्शनला हवे असलेले कुलूप स्वतःकडे ठेवून रेषा सोडू नये. दोघे एकमेकांची वाट पाहत कायमचे बसतील.

कार्डाला गप्प न करताच सामायिक रेषा सोडली तर? कार्ड हाका मारतच राहते आणि उरलेले सगळे 'माझी नव्हे' म्हणतात. कर्नल हिशोब ठेवतो. 1,00,000 हाकांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाल्या की तो ती रेषाच बंद करतो. त्याच रेषेवर बसलेल्या निरपराध डिस्कची हाकही मग ऐकली जात नाही. कर्जतला खोळंबलेली गाडी ती हीच!

सुरुवात अर्धवट फसली तरी हाच नियम : तिसरी पायरी चुकली तर दुसरी आणि पहिली याच उलट क्रमाने परत करायची. लिनक्सचे ड्रायव्हर लेखक यासाठी सर्रास 'गोटू' वापरतात. डाइकस्ट्रा यांनी 1968 मध्ये त्याच्यावर टीका केली आणि आपणही विद्यार्थ्यांना 'गोटू नको' असे बजावतो. आमच्या मते हा अपवाद वर्गात मुद्दाम दाखवावा.

2007 मध्ये तेजुन हेओ यांच्या कामातून ही परतफेड आपोआप, उलट क्रमाने करण्याची सोय कर्नलमध्ये आली. पण ही आपोआप परतफेड ड्रायव्हरचे निरोपाचे फंक्शन संपल्यावर होते. त्या फंक्शनात मेमरी हाताने सोडली असेल आणि रेषा आपोआप सुटायची असेल, तर मधल्या काळात हाक येऊ शकते. म्हणून अनेक नेटवर्क ड्रायव्हर कार्ड चालू करताना रेषा घेतात आणि बंद करताना स्वतःच सोडतात.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर 'प्रॉक' निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडून पाहा. नेटवर्क कार्डाची ओळ शोधा, एखादे पान उतरवून घ्या आणि आकडा किती वाढला ते नोंदवा. मग प्रशासकाच्या अधिकाराने कार्ड बंद करा. अनेक कार्डांच्या बाबतीत ती ओळच नाहीशी झालेली दिसेल.