पावसाळ्यात पुस्तकांचं कपाट उघडून पाहा

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, तोवर इकडे घरोघरी भिंतींना ओल आलेली असते. त्या दिवसांत पुस्तकांचं कपाट उघडून पाहावं. एकाच फळीवरच्या दोन पुस्तकांपैकी एकाची पानं पापडासारखी वेडीवाकडी झालेली असतात आणि शेजारचं मात्र जसंच्या तसं. हवा दोघांनाही तीच लागलेली.

कारण कागदात दडलेलं असतं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने पडतात. ओल लागली की तंतू जाडीला फुगतो, लांबीला जवळपास वाढतच नाही. म्हणून कागदही एकाच दिशेला जास्त पसरतो. तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर असले तर पान मोकळ्या कडेकडे पसरतं, काही बिघडत नाही. ते आडवे असले तर पान पाठीच्या लांबीत वाढू पाहतं, आणि तिथे ते जखडलेलं असतं. मग लाटा उठतात. चांगला मुद्रक कागद घेतानाच ही दिशा बघतो. जुनं वर्तमानपत्र उभं आणि आडवं फाडून बघा. एकीकडे सरळ रेघेत फाटतं, दुसरीकडे कसंही.

आता पुस्तकाचं डोकं वरून न्याहाळा. जुजबंदीत छापील फर्म्यांच्या घड्या घालून प्रत्येक घडी मधोमध दोऱ्याने शिवतात, त्यामुळे पाठीशी घड्यांची रांग दिसते. असं पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं तर उघडंच राहतं. डिंकाच्या बांधणीत या घड्याच कापून टाकतात आणि सुट्या पानांची कड तेवढी चिकटवतात. कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आणि आत नुसता डिंक! अभिजात साहित्याची अशी ‘देखणी आवृत्ती’ मला तरी फसवणूकच वाटते.

बांधणीइतकीच छपाईही निरखण्यासारखी. सुबक छपाईचा आपल्याकडचा एक जुना अध्याय राधानगरीहून कोल्हापूर ओलांडून पूर्वेला, मिरजेत घडला. पुण्यात नाना फडणविसांनी एका तांबटाकरवी तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरवून घ्यायला घेतली होती. १८०० साली नाना गेले. मग मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. ७०० श्लोक, आणि तेही पत्र्यावर उलटे! आरशात दिसतं तसं अक्षर, ओळ उजवीकडून डावीकडे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत चुकलेला खिळा काढून दुसरा बसवता येतो. पत्र्यावर चुकलं तर तेवढी जागा घासायची, मागून ठोकून सपाट करायची आणि पुन्हा कोरायची. पत्र्यावरून छापायची सर्वसाधारण रीतही बघण्यासारखी आहे: कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरचा भाग पुसून स्वच्छ करायचा आणि कागद दाबायचा, तोही मुद्दाम ओलसर केलेला. जी ओल आपल्या कपाटात वैरी, तीच इथे शाई नीट उचलायला मदत करते.

त्याच १८०५ साली तिकडे बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण खिळ्यांनी छापलं गेलं. एकदा ओतलेला खिळा हजार पानांना चालतो, त्यामुळे तांबं मागे पडणारच होतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी काढली ती शिळाछापावर. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि मराठी-संस्कृत पुस्तकांतलं अक्षर किती रेखीव असू शकतं, हे वाचकांना दाखवून दिलं. निर्णयसागरचं एखादं जुनं पुस्तक हाती लागलं तर काना-मात्रा अक्षराला कशा बेमालूम जुळल्या आहेत ते भिंग घेऊन बघाच.

राधानगरीसारख्या ठिकाणी पुस्तकं सांभाळायची तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं गच्च कोंबू नका आणि पावसाने उघडीप दिली की दारं उघडी ठेवा. आणि नवं पुस्तक घेताना मुखपृष्ठाआधी त्याचं डोकं बघा.