लसीचा फ्रीज आणि एक वही

बाळाची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. पूर्वी मी फ्रीजला हात लावून ‘गार आहे’ म्हणत असे! पुढे आत थर्मामीटर ठेवला. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचा. कंपाउंडर लिहीत होता, मी वाचत नव्हतो. आठवड्याने वही उघडली, तर तीन सकाळी तापमान शून्याखाली! वीज येताच तो बटण शेवटच्या आकड्यावर फिरवी, हेतू चांगलाच. पण ट्रिपल आणि हिपॅटायटीस ‘बी’ची लस गोठली की निकामी. कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन उष्णता दाखवतो, गोठणे नव्हे. साठा फेकला, टोचलेल्या बाळांना पुन्हा बोलावले. कंपाउंडरला रागावून काय होणार? बटणावर चिकटपट्टी लावली. वही आता रोज सकाळी मी स्वतः पाहतो. तुम्हीही लस टोचण्यापूर्वी डॉक्टरांकडे अशी वही मागा. रागावले तर रागावू द्या.