जाळीखालचं पाणी

मे महिन्यात गावाहून परतून दाराचं कुलूप काढलं की कित्येक घरांत आधी वास भेटतो. मग खिडक्या उघडतात, फिनेल ओतलं जातं, उंदीर मेला असेल म्हणून पलंग सरकवले जातात. बहुतेक वेळा कारण न्हाणीघराच्या कोपऱ्यात असतं. मोरीच्या जाळीखालचं पाणी आटलेलं असतं.

त्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. सांडपाणी वाहून गेलं तरी त्यात साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी उरावं, अशी त्याची घडण असते. गटारातली हवा आणि झुरळं त्या पाण्यापाशी अडतात. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी शौचकूपाच्या नळीला इंग्रजी 'एस'सारखा बाक देऊन पेटंट घेतलं, ते याच युक्तीचं.

हे पाणी आटल्यावर काय होऊ शकतं, ते २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीनं पाहिलं. तिथं तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स झाला. तपासात दिसलं, की अनेक न्हाणीघरांतल्या मोऱ्यांचे ट्रॅप कोरडे होते आणि हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की सांडपाण्याच्या नळातले दूषित तुषार घरात ओढले जात. पुढे तिथल्या सरकारनं आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत अर्धा लिटर पाणी ओतायला सांगितलं.

अमेरिकेत या कामासाठी 'ट्रॅप प्रायमर' नावाची झडप बसवतात. नळ उघडला की पाण्याचा दाब घटतो आणि झडपेतून थोडं पाणी ट्रॅपमध्ये जातं. तिची परीक्षा सोपी: जवळचा नळ चार-पाच वेळा उघडायचा आणि ट्रॅपमध्ये पाणी येतं का, ते बघायचं. क्षार साचले की ही झडप अडकते.

आपल्याकडे अनेक फ्लॅटमध्ये बेसिनची नळी नहाणी ट्रॅपमध्येच सोडलेली असते; तोच आपला प्रायमर. ज्या घरात दिवसातून पाच वेळा वजूचं पाणी मोरीत पडतं, तिथंही ही चिंता नाही. काळजी करायची ती गॅलरीतल्या आणि पाहुण्यांच्या न्हाणीघरातल्या मोरीची. जाळी उचलून बॅटरीचा झोत टाका. पाणी चमकलं तर ठीक. कोरडं असेल तर तांब्याभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एका रात्रीत पाणी खूप उतरलं, तर ट्रॅपला तडा असण्याची शक्यता आहे. खालच्या मजल्यावर छताला ओल आली आहे का, ते विचारा. कमोडचा फ्लश सोडल्यावर मोरीतलं पाणी गुडगुडत खाली ओढलं जात असेल, तर हवेच्या नळीत अडथळा असू शकतो. तिथं प्लंबरच हवा.

काही ट्रॅपमध्ये जाळीखाली उपडी वाटी असते. पाणी लवकर जावं म्हणून ती काढून ठेवायची वाईट सवय अनेकांना आहे. वाटी काढली की ट्रॅप नुसतं भोक उरतो.

लांब गावाला जाताना ट्रॅप भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडावं. तेलाच्या थराखालचं पाणी सावकाश आटतं.