बाई, पदोन्नती घेणार का?

आमच्या कॉलनीत एक शिक्षिका राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. सकाळी एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात तपासलेल्या वह्यांचं ओझं घेऊन रंकाळा स्टँडकडे पळताना मी त्यांना कित्येक वर्षं बघतेय. एस.टी. चुकली तर वडाप. खरं सांगते मैत्रिणींनो, मी घरात असणारी बाई, मला त्यांचा हेवाच वाटायचा. शिक्षिकेची नोकरी म्हणजे बायकांसाठी सोन्याची! संध्याकाळी घरी, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी. लग्न जमवताना आपणच म्हणतो ना, "मुलगी डी.एड. झालीय, नोकरी करून घर बघेल"?

बचत गटाच्या निमित्तानं त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं आणि माझा गैरसमज फिटला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, आणि त्यात पाठाची तयारीही मोजलीय. पण ही तयारी होते कधी? रात्री भांडी आवरून झाल्यावर, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडता निवडता. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं द्यायची नाहीत, असंही तोच कायदा सांगतो. पण मतदार यादीचं काम निवडणुकीतच मोडतं. घरोघरी फिरायचं तर माणसं घरात सापडायला हवीत, म्हणजे रविवार गेलाच. उरलंसुरलं मोबाईलवर. ही माहिती भरा, तो फोटो पाठवा. पोळी तव्यावर आणि मेसेज हातात!

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत एक आकडा आहे. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची बरं का. जे लावतच नाहीत ते या सरासरीत नाहीत!

मागच्या वर्षी या बाईंचं नाव मुख्याध्यापकपदाच्या यादीत आलं. मी पेढे मागायला गेले तर चेहरा उतरलेला. "वहिनी, चंदगड तालुका मिळायची शक्यता आहे. नको म्हणून लिहून देते." कोल्हापूरहून चंदगड शंभर किलोमीटरच्या वर. रोज जाणं-येणं शक्यच नाही, तिथं खोली घेऊन राहावं लागणार. मुलगा दहावीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांच्या शाळेतल्या आणखी दोघींनी आधीच नकार लिहून दिला होता. त्यातल्या एकीचा तर हा दुसरा नकार.

त्यांचे यजमानही शिक्षकच. काही वर्षांपूर्वी त्यांना पदोन्नती मिळाली, गगनबावड्याकडची शाळा आली, ते गेले. तेव्हा मुलगी बारावीत होती. "तुम्ही गेलात तर घराचं कसं?" असं त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी पेढा खाऊन आले होते.

आपल्या शाहूनगरीत तर हे नवल वाटायला नको होतं. रखमाबाई केळवकर इथल्याच. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी मुलींच्या शिक्षणाच्या खात्यावर अधीक्षक म्हणून त्यांना नेमलं. त्या आधी त्या जागेवर गोऱ्या मिस लिटल होत्या. रखमाबाई संसारी बाई, लेकुरवाळ्या. त्यांची लेक कृष्णाबाई पुढं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाली, महाराजांनी तिला आणखी शिकायला डब्लिनला पाठवलं आणि परत येऊन तिनं कोल्हापूरच्याच दवाखान्यात बायकांवर उपचार केले. आईनं अधिकाराची जागा घेतली म्हणून लेक वाया गेली नाही, एवढं तर यावरून कळतं.

दुसऱ्या लीलाताई पाटील. ना. सी. फडक्यांच्या कन्या, १९२७ चा जन्म. नोकरीची वर्षं शिक्षकांना घडवण्यात गेली आणि १९८५ साली त्यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. स्पर्धा नाही, शिक्षा नाही, मुलांनी हातानं करत, बघत शिकायचं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न! २०२० मध्ये त्या गेल्या, पण ती शाळा बघायला लांबलांबून शिक्षक यायचे. लीलाताईंचं मला फार कौतुक आहे. पण कधी कधी मनात येतं, आपल्याकडं किती जणींना मनासारखं काम करायला पेन्शन सुरू होण्याची वाट बघावी लागते?

सवलती नाहीत असं नाही. राज्य सरकारनं २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत ती घेता येते. चांगलंच आहे. पण पुरुषाला ती कधी मिळते, तर बायको हयात नसेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. धडधाकट बायको असताना बापानं पोर कशाला सांभाळायचं, असंच नाही का हे? दहावीच्या मुलासाठी या घरात रजा काढायची तर ती बाईंनीच, यजमानांना मागायची सोयच नाही.

नकाराचा अर्ज लिहून तयार होता. तो सासूबाईंनी अडवला. त्या फारशा शिकलेल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या नावावर नको म्हणू नगंस. मला दोन वेळच्या भाकरीचं बघाय माझा ल्योक हाय की." ल्योक तिथंच पेपर वाचत बसले होते. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच बाईंना विचारलं, कुकरला पाणी किती घालायचं?

बाई जूनमध्ये चंदगडला गेल्या. तिथल्या पावसात पहिल्याच महिन्यात आजारी पडल्या. शनिवारी दुपारी निघतात, रात्री घरी येतात, सोमवारी पहाटे पुन्हा एस.टी. घरी भाकरीला बाई ठेवलीय, बाकीचं यजमान बघतात. मुलाला सहामाहीत गणितात कमी गुण पडले, तेव्हा भिशीत एक जण म्हणालीच, "आई घरात नसल्यावर दुसरं काय व्हणार?" बाप गणिताचाच शिक्षक आहे, हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. मीही वाद वाढवला नाही, तेवढं चुकलंच माझं.

परवा बाईंचा फोन आला होता. शाळेच्या स्वयंपाकघराचं छत गळत होतं, ते त्यांनी ग्रामपंचायतीच्या मागं लागून दुरुस्त करून घेतलं. तेच सांगत होत्या, पंधरा मिनिटं. मुलाच्या गणिताचा विषय निघाला तो फोन ठेवता ठेवता. "ह्यांनी रोज पहाटे त्याला बसवायला सुरुवात केलीय वहिनी, दोघांची भांडणं होतात म्हणे!"